मलावीतला हापसा आणि देणगीचे पैसे

२०२४ च्या सुरुवातीला झांबिया, मलावी आणि झिंबाब्वे या तिन्ही देशांनी दुष्काळामुळे राष्ट्रीय आपत्ती जाहीर केली. तेव्हापासून तिकडच्या पाण्याविषयी बरीच पत्रं आली. त्यांतली चार निवडली आहेत.

आमच्या मंडळाला मलावीतल्या एका गावात बोअर द्यायची आहे. एका बोअरचा दर काय धरावा? (पुणे)

दरापासून सुरुवात करू नका. मलावी, झिंबाब्वे आणि झांबियाच्या बऱ्याच भागात जमिनीखाली जुना कठीण खडक आहे. पाणी मिळतं ते त्याच्या कुजलेल्या थरात आणि भेगांत, त्यामुळे काही बोअर कोरड्या जाणारच. त्यांचा खर्च कोणाच्या माथी, हे आधी ठरवा. ‘पाणी लागलं तरच पैसे’ हा करार देणगीदारांना फार आवडतो, पण तो फसवा आहे. ठेकेदार एक तर कोरड्या बोअरची रक्कम आधीच दरात घालतो, नाहीतर अवघड गावांकडे फिरकतच नाही. अनेकदा दोन्ही.

भूभौतिक सर्वेक्षण (न खोदता उपकरणांनी जमिनीखालचे थर तपासणं), खोदाई, पंपिंग चाचणी (बोअर किती पाणी देते ते उपसून पाहणं) आणि देखरेखीला भूजलतज्ज्ञ असे चार खर्च वेगळे मांडा. पाणाड्या तिकडेही भेटतो. त्याला चहा पाजा, जागा मात्र सर्वेक्षणावरून ठरवा. तिकडचा पावसाळा साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. म्हणून चाचणी सप्टेंबर-ऑक्टोबरात घ्या. पावसानंतर लगेच घेतलेल्या चाचणीत प्रत्येक बोअर उत्तम ठरते.

आपला ‘इंडिया मार्क टू’ हापसा तिकडे चालतो का? (सोलापूर)

चालतो, आणि त्याचा मान तुमच्या गावाकडेही जातो. जालन्याच्या ख्रिस्ती मिशनच्या कामातून निघालेला पंप सोलापुरात सुधारला गेला आणि त्यावरूनच १९७० च्या दशकात युनिसेफच्या मदतीने मार्क टू घडला. झांबियात तो सर्रास दिसतो. मलावीत मात्र ॲफ्रिडेव्ह हापशाची चाल आहे, झिंबाब्वेत त्यांचा स्वतःचा बुश पंप. देशात जो रुळलाय तोच बसवा, कारण वॉशर त्याचेच मिळतात. ॲफ्रिडेव्ह गावातल्या बायकाही उघडून दुरुस्त करू शकतात, पण तो साधारण ४५ मीटरपर्यंतच पाणी ओढतो. मार्क टूसाठी जड पाइप वर काढणारी माणसं लागतात. पाणी आम्लधर्मी असेल तर गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा मुलामा दिलेले) पाइप गंजतात, मग पाणी लाल येतं आणि लोक पुन्हा ओढ्याकडे वळतात.

मोठे निधी देतं कोण? आणि नंतर देखभाल कोण करतं? (नागपूर)

या भागातल्या १६ देशांच्या ‘सादक’ (SADC) या विकास संघटनेची भूजल संस्था दक्षिण आफ्रिकेत ब्लूमफाँटेन इथे आहे. जागतिक बँक आणि जागतिक पर्यावरण निधी यांच्या पैशातून ती सदस्य देशांना लहान उपअनुदानं देत आली आहे. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कटू आहे. २००९ च्या एका संकलनात सहाराच्या दक्षिणेकडच्या देशांतले सुमारे एक तृतीयांश हातपंप बंद आढळले होते. गावाची पाणी समिती असते, वर्गणीही ठरते. पण पंप नवा असताना वर्गणी द्यावीशी कोणाला वाटत नाही आणि मोडल्यावर एकदम मोठी रक्कम उभी राहत नाही. माझं मत स्पष्ट आहे: दहा गावांना बोअर देण्यापेक्षा सहा गावांना द्या. उरलेल्या पैशातून त्या पट्ट्यातल्या एका मेकॅनिकचा आणि सुट्या भागांच्या दुकानाचा काही वर्षांचा खर्च उचला. फलकावर नाव कमी वेळा येईल, इतकंच.

खोल बोअरचं पाणी शुद्धच असतं ना? (कोल्हापूर)

नाही. बोत्स्वानात राजधानी गॅबोरोनजवळच्या रामोत्स्वा इथल्या विहिरी १९९० च्या दशकात नायट्रेटमुळे बंद कराव्या लागल्या, कारण खडक चुनखडीसारखा पोकळ आणि वर शौचखड्डे; त्यांतल्या मैल्यातलं नायट्रेट सरळ भूजलात उतरलं. २०१५ च्या सुमारास गॅबोरोन धरण आटलं, तेव्हा त्याच पाण्याची आठवण झाली. हापसा बसवण्याआधी नायट्रेट, फ्लोराइड आणि क्षार तपासा. नायट्रेट उकळून जात नाही, त्यामुळे शौचखड्डे बोअरपासून दूर आणि उताराच्या खालच्या बाजूला ठेवायला सांगा.