एकाच तबकडीवर उरलेली गाणी: नव्वदच्या दशकातील इमो संकलनांविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न (पुणे): ‘अमेरिकन फुटबॉल’ या बँडचा १९९९ सालचा अल्बम ऐकून मी इमो संगीताकडे वळलो. आता त्या काळातील विनाइल तबकड्या जमवाव्यात असे वाटते. बँडचे स्वतःचे अल्बम असताना काही संग्राहक अनेक बँडच्या संकलनांच्या मागे का लागतात?

उत्तर: कारण या प्रवाहातील कितीतरी बँड स्वतःचा अल्बम निघेपर्यंत टिकलेच नाहीत. १९८५ च्या सुमारास वॉशिंग्टन डीसीमध्ये राइट्स ऑफ स्प्रिंग आणि एम्ब्रेस या बँडनी हार्डकोर पंकच्या (पंक रॉकचा अधिक वेगवान, तीव्र प्रकार) आक्रमक आवाजात अत्यंत खासगी दुःख गायला सुरुवात केली, आणि त्यातूनच इमो जन्मले. पुढच्या दशकात तेच बीज सॅन दिएगो, न्यू जर्सी, डेन्व्हर, कॅन्सस सिटी, इलिनॉय अशा दूरदूरच्या ठिकाणी वेगवेगळ्या रूपांत उगवले. शाळा-कॉलेजात जमलेली चार मुले एकत्र यायची, तळघरांतून आणि सभागृहांतून कार्यक्रम करायची, एखाद-दुसरी ७ इंची तबकडी काढायची, कोणा मित्राच्या संकलनासाठी एक गाणे द्यायची आणि दोन वर्षांत पांगायची. अशा बँडचे संकलनाला दिलेले ते गाणे पुष्कळदा अन्यत्र कोठेही मिळत नाही.

तुम्ही ज्या बँडपासून सुरुवात केलीत त्याच्याच घरातले उदाहरण घ्या. अमेरिकन फुटबॉलचे गायक माइक किन्सेला त्याआधी शिकागो परिसरातील कॅप्न जॅझ या बँडमध्ये ड्रम वाजवीत. त्या बँडचा एकमेव अल्बम १९९५ मध्ये आला आणि त्याच वर्षी बँड फुटला. त्यांनी इकडेतिकडे संकलनांना दिलेली गाणी १९९८ मध्ये जेड ट्री या कंपनीने अल्बमसह दोन सीडींच्या ‘अ‍ॅनाल्फाबेटापोलोथॉलॉजी’ या संचात एकत्र केली, म्हणून ती आज सहज ऐकता येतात. कॅप्न जॅझचे पुढे नाव झाले, त्यामुळे त्यांच्या वाट्याला हे भाग्य आले. ज्यांचे नाव झाले नाही त्यांची गाणी मूळ तबकडीवरच राहिली, आणि माझ्या मते संग्राहकाने प्रथम त्याच गाण्यांकडे पाहावे.

दुसरे कारण असे की या वर्तुळात संकलन ही बहुधा एखाद्या भूमिकेसाठी काढलेली वस्तू असे. वॉशिंग्टनच्या डिस्कॉर्ड कंपनीचे १९८९ सालचे ‘स्टेट ऑफ द युनियन’ बेघरांसाठी आणि नागरी हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थांच्या मदतीसाठी निघाले होते, आणि त्यात फुगाझीसारख्या बँडची गाणी होती. कॅलिफोर्नियाच्या सांता बार्बरा परिसरातील ईबुलिशन कंपनीचे १९९१ सालचे ‘गिव्ह मी बॅक’ पाहिले तर पुढे रायट गर्ल या स्त्रीवादी पंक चळवळीमुळे सर्वांना माहीत झालेला बिकिनी किल हा बँड तेथे अगदी सुरुवातीच्या काळात भेटतो. इमो, हार्डकोर, स्त्रीवादी पंक या सीमारेषा तेव्हा किती पुसट होत्या हे एखाद्या इतिहासग्रंथापेक्षा अशा एका तबकडीच्या दोन बाजू ऐकून लवकर समजते.

एक सावधगिरी मात्र आधीच सांगतो. १९९७ पासून निघालेली डीप एल्म कंपनीची ‘द इमो डायरीज’ ही मालिका, किंवा पॉलिव्हायनल कंपनीचे १९९६ सालचे ‘डायरेक्शन’, ही प्रसिद्ध संकलने सीडीच्या जगातली आहेत. पहिल्या ‘इमो डायरीज’मध्ये जिमी ईट वर्ल्डचे गाणे आहे म्हणून तिचे मोल मोठे आहे, पण ती ऐकण्यासाठी सीडीच घ्यावी. विनाइलच्या हट्टापायी चांगले संगीत दूर ठेवू नये.

प्रश्न (न्यू जर्सी, अमेरिका): येथील एका जुन्या दुकानात मला सहा बँडचे एक ७ इंची संकलन मिळाले. त्यावर बारकोड नाही, वर्ष नाही, वेष्टन हाताने छापल्यासारखे आणि किंचित वाकडे आहे. हे बनावट असेल का?

उत्तर: तुम्ही सांगितलेल्या तिन्ही खुणा मला उलट आश्वासक वाटतात. त्या वर्तुळात बारकोड नसणे हा निष्काळजीपणा नव्हता, तर पुष्कळांच्या बाबतीत तो जाहीर निर्णय होता. ईबुलिशनच्याच केंट मॅक्लार्ड यांनी १९९४ मध्ये सुरू केलेल्या ‘हार्टअटॅक’ या नियतकालिकाचे धोरण असे होते की ज्या तबकडीवर बारकोड आहे किंवा जिच्यामागे मोठ्या कंपनीचा पैसा आहे तिचे परीक्षण छापायचे नाही. हे नियतकालिक २००६ पर्यंत चालले आणि छोट्या कंपन्यांना त्यातील परीक्षणाचे फार महत्त्व होते. दुकानांच्या साखळ्यांना नको असलेली वस्तू टपालाने आणि कार्यक्रमांच्या वेळी टेबलावर विकली जाई, आणि त्यासाठी बारकोडची गरजही नव्हती. वेष्टनांचे म्हणाल तर स्क्रीन प्रिंटिंग, झेरॉक्स, रबरी शिक्का, हाताने चिकटवलेला कागद हे सगळे तेव्हाचे नित्याचे प्रकार आहेत. एकाच आवृत्तीच्या दोन प्रतींत शाईचा रंग वेगळा असू शकतो.

खरी तपासणी तबकडीवर करावी. शेवटचे गाणे संपल्यानंतर मधल्या लेबलापर्यंत जी गुळगुळीत पट्टी राहते तिच्यावर अक्षरे आणि आकडे कोरलेले किंवा ठोकलेले असतात. तबकडी दिव्याखाली तिरकी धरून ती वाचा. कंपनीचा क्रमांक, बाजूचे अक्षर, कधी साचा कापणाऱ्याची खूण आणि पुष्कळदा बँडने मुद्दाम कोरून घेतलेले एखादे वाक्य तेथे सापडते. डिस्कॉग्स या तबकड्यांच्या नोंदी आणि विक्रीच्या संकेतस्थळावरील नोंदीशी ही अक्षरे जुळवून पाहावीत. मोठ्या क्रमांकानंतर ‘ई’, एक आकडा, तिरकी रेघ आणि बाजूचे अक्षर अशी छापील मांडणी दिसली, तर ती चेक प्रजासत्ताकातील जीझेड मीडिया या कारखान्याची पद्धत आहे. १९९३-९४ सालच्या अमेरिकन घरगुती संकलनावर ती आढळली, तर प्रत बहुधा नंतरची आहे असे समजून आणखी चौकशी करावी.

आतला कागदही वाचा. टपाल पेटीचा पत्ता, त्या वेळची किंमत (‘टपालखर्चासह तीन डॉलर’ या धाटणीची), आगामी तबकड्यांची यादी यांवरून वर्ष पुष्कळदा ठरवता येते. झेरॉक्सची झेरॉक्स असल्यास बारीक अक्षरे भरून आलेली आणि छायाचित्रे डागाळलेली दिसतात. मूळ तबकडीला नंतर कोणी कागदाची नक्कल जोडली असेल तर ते तेथे उघड होते.

प्रश्न (नाशिक): मी हव्या असलेल्या एका संकलनाला एक विक्रेता पंच्याऐंशी डॉलर मागतो, दुसरा तीस. दोघेही प्रत ‘व्हीजी प्लस’ (व्हेरी गुड प्लस, म्हणजे वापरलेली पण चांगल्या अवस्थेतील) असल्याचे सांगतात. कोणावर विश्वास ठेवावा?

उत्तर: मागितलेल्या किमतीवर कधीच ठेवू नये. डिस्कॉग्सवर प्रत्येक तबकडीच्या पूर्वी झालेल्या विक्रीचा इतिहास दिसतो आणि तोच खरा भाव. मात्र दहा वर्षांत चारच प्रती विकल्या गेल्या असतील तर सरासरी निरर्थक ठरते, म्हणून प्रत्येक विक्रीची तारीख आणि प्रतीची अवस्था स्वतंत्रपणे पाहावी. ‘व्हीजी प्लस’ ही श्रेणी तबकडीची आहे की वेष्टनाची, आणि ती ऐकून दिली आहे की नुसती पाहून, हे विचारावे. मग या संकलनांच्या बाबतीत निर्णायक ठरणारा प्रश्न विचारावा: सोबतची सर्व कागदपत्रे आहेत का? पुस्तिका, गाण्यांचे शब्द, प्रत्येक बँडचे पान, स्टिकर. या संगीतात शब्द ओरडण्यात विरून जातात, आणि पुस्तिकेशिवाय गाणे अर्धेच हाती येते. तीस डॉलरच्या प्रतीत पुस्तिका नसेल आणि पंच्याऐंशीच्या प्रतीत असेल, तर हा फरक मला पटेल. केवळ रंगीत विनाइलसाठी तेवढे जास्त मागितले असतील, तर मी तीस डॉलरची काळी प्रत घेईन.

प्रश्न (ठाणे): हल्ली जुन्या इमो बँडचे संच नव्याने निघत आहेत. ते घेतल्यावर मूळ तबकड्या शोधण्यात अर्थ राहतो का?

उत्तर: या पुनर्प्रकाशनांचे मी मनापासून स्वागत करतो. शिकागोच्या न्यूमेरो ग्रुप या कंपनीचे उदाहरण विशेष आहे, कारण तिच्या संस्थापकांपैकी केन शिप्ली यांनी त्याआधी ट्री रेकॉर्ड्स ही छोटी कंपनी चालवली होती. नव्वदच्या उत्तरार्धात ट्री रेकॉर्ड्सने ‘पोस्ट मार्क्ड स्टॅम्प्स’ ही प्रत्येकी दोन बँडच्या ७ इंची तबकड्यांची मालिका काढली होती. म्हणजे तेव्हा पाकिटे भरणारा माणूसच आज हा ठेवा जपतो आहे. न्यूमेरोने २०१९ मध्ये ओकलंडच्या इंडियन समर या अल्पायुषी बँडचे ध्वनिमुद्रण एकत्र काढले आणि २०२३ मध्ये आर्कान्सामधील एव्हरीवन आस्क्ड अबाउट यू या बँडचे. मेरीलँडच्या मॉस आयकनचे समग्र संकलन २०१२ मध्ये टेम्पररी रेसिडेन्स या कंपनीने काढले. आवाज स्वच्छ असतो, टिपणे अभ्यासपूर्ण असतात आणि जुन्या प्रतीच्या पुनर्विक्रीतून बँडला काही मिळत नाही ते येथे मिळते. म्हणून एखाद्या बँडची सर्व गाणी अशा संचात आली असतील, तर केवळ त्याच्या एका गाण्यासाठी महागडे मूळ संकलन घेऊ नका.

तरीही अशा संचात एक गोष्ट हरवते, ती म्हणजे शेजार. कोणत्या बँडनंतर कोणता बँड लावला, डेन्व्हरच्या मुलांशेजारी कॅन्सस सिटीची मुले कशी आली, हा त्या काळातील मैत्रीचा नकाशा असतो आणि बँडनिहाय संच तो मोडून टाकतो. क्रँक कंपनीने १९९५ मध्ये काढलेली डेन्व्हरचा क्रिस्टी फ्रंट ड्राइव्ह आणि कॅन्सस सिटीचा बॉइज लाइफ यांची सामाईक १० इंची तबकडी बाजू पालटून सलग ऐका. दोन्ही बँड वेगवेगळ्या अल्बमांतून ऐकून त्यांचे एकमेकांशी असलेले नाते इतके जाणवत नाही. ज्या संकलनात असा शेजार आहे, किंवा ज्यातील तीन-चार गाणी आजही अन्यत्र कोठे नाहीत, त्याची मूळ प्रत जरूर शोधावी.

प्रश्न (सातारा): माझ्याकडे आलेली ७ इंची तबकडी ४५ वर लावली तर गायक चिरक्या आवाजात गातो, आणि आवाजही फार लहान आहे. तबकडी खराब आहे का?

उत्तर: नाही, ती ३३ च्या (मिनिटाला सुमारे ३३ फेऱ्या) गतीची आहे. लेबलावर गती न छापण्याची सवय त्या कंपन्यांना होती. ७ इंची तबकडीच्या एका बाजूस ४५ च्या गतीने सुमारे चार-पाच मिनिटे नीट मावतात, त्यामुळे बाजूला तीन बँड बसवायचे तर गती उतरवावी लागे. वेळ वाढला की खाचा जवळजवळ आणि उथळ कापाव्या लागतात, म्हणून आवाज लहान होतो आणि खरखर अधिक जाणवते.

प्रश्न (रत्नागिरी): पावसाळ्यात वेष्टनांवर बुरशी येते. झेरॉक्स केलेल्या पुस्तिका तर प्लॅस्टिकला चिकटल्या आहेत. काय करावे?

उत्तर: चिकटलेल्या पुस्तिकांचे कारण बुरशी नसून पीव्हीसीच्या मऊ, चकचकीत पिशव्या असाव्यात. पीव्हीसीतील मऊपणा आणणारे द्रव्य झेरॉक्सच्या काळ्या भुकटीला ओढून घेते आणि अक्षरे पिशवीवर उमटतात. तबकडीवरही त्याचा धुरकट थर चढतो आणि तो पुसला जात नाही. त्या पिशव्या आजच काढून टाका. ओढून कागद फाडू नका, सावकाश एका कोपऱ्यापासून सोडवा. पुढे पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिथिलीनच्या पिशव्या वापरा आणि पुस्तिका तबकडीपासून वेगळ्या पिशवीत ठेवा. सोडवण्याआधी प्रत्येक पानाचे छायाचित्र काढून ठेवले तर शब्द तरी सुरक्षित राहतील.

बुरशी विनाइल खात नाही. ती कागद, गोंद आणि धुळीवर जगते, आणि कोकणातील पावसाळ्यात हवेतील आर्द्रता तिला पोषकच असते. ४५ ते ५० टक्के आर्द्रता आदर्श मानली जाते. तुमच्याकडे ती गाठायची तर छोट्या बंद खोलीत आर्द्रता शोषणारे यंत्र लावावे लागेल. ते शक्य नसेल तर घट्ट झाकणाच्या पेटीत सिलिका जेल ठेवून ते नियमित वाळवत राहावे. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका. तबकड्या उभ्याच ठेवा. बुरशी आलेली वेष्टने लगेच वेगळी करा, नाकातोंडाला मास्क लावून उघड्यावर मऊ ब्रशने कोरडीच झटका. वाळवण्यासाठी तबकडी उन्हात मात्र कधीही ठेवू नये, कारण ती वाकते आणि वाकलेली तबकडी घरी सरळ होत नाही. तबकडी पुसायला शुद्ध केलेले पाणी आणि मऊ कापड पुरते. लेबल कोरडे राहील याची काळजी घ्या.

प्रश्न (कोल्हापूर): अमेरिकेतील विक्रेता देशांतर्गत टपालखर्च चार-पाच डॉलर लावतो, पण भारतासाठी पाचपट सांगतो. हे योग्य आहे का?

उत्तर: बहुधा योग्य आहे. अमेरिकेत पुस्तके आणि तबकड्यांसाठी ‘मीडिया मेल’ ही स्वस्त सवलत आहे, पण ती देशाबाहेर लागू होत नाही. म्हणून एकाच विक्रेत्याकडून अनेक ७ इंची तबकड्या एकदम मागवाव्यात. त्या हलक्या असतात आणि खर्च वाटला जातो. सीमाशुल्क वेगळे भरावे लागेल हे गृहीत धरा. पार्सलवर ‘भेटवस्तू’ असे लिहून घेण्याचा सल्ला अनेक जण देतात, पण ते खोटे आहे आणि निरुपयोगीही, कारण टपालाने येणाऱ्या भेटवस्तूंना असलेली सीमाशुल्काची सवलत भारताने २०१९ च्या अखेरीस काढून घेतली. विक्रेत्याला तबकडी वेष्टनातून बाहेर काढून मागच्या बाजूस वेगळी ठेवायला आवर्जून सांगा. ती आतच राहिली तर प्रवासातील धक्क्यांनी वेष्टनाची शिवण उसवते, आणि हाताने चिकटवलेली वेष्टने तर पहिल्याच धक्क्यात उघडतात.