हाताने वाचायचा पहिला नकाशा

अंध मुलांसाठी स्पर्शानं वाचायचा नकाशा बनवायला महाराष्ट्रापासून सुरुवात करताय, उत्तम! फक्त आधी ठरवा: या नकाशातून अंध मुलाला नेमकं काय कळायला हवं? नद्या शिकवायच्या असतील तर जिल्ह्यांच्या सीमा काढूनच टाका. छापील नकाशा जसाच्या तसा उठावदार करणं ही नवख्यांची सर्वांत मोठी चूक. डोळा सगळं एकदम पाहतो. बोट तुकड्यातुकड्यानं वाचतं आणि मग मनात जोडतं. गर्दी झाली की काहीच हाती लागत नाही.

- दोन रेषांत निदान तीन मिलिमीटर अंतर ठेवा. कोकणातली प्रत्येक खाडी दाखवू नका.
- गोदावरीला सुतळी, सह्याद्रीला पॉलिश पेपर, समुद्र गुळगुळीत. तीन-चार पोत पुरेत.
- ब्रेल अक्षरं लहान करता येत नाहीत, म्हणून त्यांची जागा आधीच राखा. नाव मावत नसेल तर नकाशावर दोन अक्षरांची खूण द्या आणि सूची वेगळ्या कागदावर.

स्वतः डोळे मिटून तपासणं पुरत नाही, कारण नकाशा तुम्हाला आधीच पाठ असतो. स्पर्शानं वाचणाऱ्या कुणाच्या तरी हातात द्या, मध्ये बोलू नका, बोटं कुठे अडखळतात ते बघा. थर्मोफॉर्म (तापवलेलं प्लास्टिक साच्यावर बसवून काढलेली उठावाची प्रत), फुगणारा कागद (तापवला की काळ्या रेषा वर येतात तो) वगैरे नंतर बघू. सध्या पुठ्ठा, फेव्हिकॉल आणि सुतळी घेऊन बसा.