मरून की वाईन? आधी दारात ये

अगं, दुकानातल्या ट्यूबलाइटखाली नेलपॉलिशचे मरून आणि वाईन हे रंग सारखेच दिसणार. बाटली घेऊन दारात ये. (पावसाळ्यात चिपळूणला तेवढाही उजेड नसतो म्हणा!) नुसत्या बाटलीवरून ठरवू नकोस. पांढऱ्या कागदावर दोन्ही नेलपॉलिशचे दोन-दोन हात शेजारी शेजारी मार, पूर्ण वाळू दे, मग बघ. कोकमाच्या आगळासारखी जांभळट झाक असेल तर वाईन; जांभ्या दगडासारखी तपकिरी दिसली तर मरून. लिपस्टिकला मात्र कागद चालत नाही, ओठांचा मूळ रंग त्यात मिसळतो. आणि शेडचा नंबर लिहून ठेव. ‘अबोली’ समजून आणलेल्या माझ्या तीन बाटल्यांत एक पीच निघाली, दोन कोरल.