ट्यून डे नोयर हा डच हॉकीपटू एवढा मोठा का मानला जातो? तो आपल्या धनराज पिल्लेपेक्षा सरस होता का?

तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण धनराजच्याच खडकीत वाढलेल्या माणसाला तो टाळता येत नाही. बॉल घेऊन सुसाट सुटलेला धनराज आमच्यासाठी आजही पहिला. तसं पळणं डे नोयरला जमलं नसतं. पण डे नोयरला जी कारकीर्द मिळाली, ती धनराजला मिळाली नाही, आणि त्यात धनराजचा दोष फार थोडा आहे.

(नावाबद्दल एक: आपले समालोचक 'ट्यून' म्हणतात, म्हणून मीही तसंच लिहितोय. त्यातला डच स्वर देवनागरीत बसत नाही. डच माणसासमोर 'ट्यून' म्हणालात तर तो हसेल.)

डे नोयरचा जन्म 22 मार्च 1976 चा, उत्तर समुद्राजवळच्या एगमंड आन डेन हूफ नावाच्या लहानशा गावातला. सुरुवात जवळच्या आल्कमारच्या क्लबात, मग हार्लेमजवळच्या ब्लूमेंडालला गेला आणि पुढची सगळी उमेद तिथेच घालवली. 1994 मध्ये, अठराव्या वर्षी, तो देशाकडून पहिला सामना खेळला आणि शेवटचा 2012 मध्ये. 453 आंतरराष्ट्रीय सामने. डच पुरुष हॉकीत एवढे कुणाच्याच नावावर नाहीत. त्याच्या आधीचा विक्रमवीर येरून डेलमे 401 वर थांबला होता. पाच ऑलिंपिक: 1996 अटलांटा आणि 2000 सिडनीत सुवर्ण, 2004 अथेन्स आणि 2012 लंडनला रौप्य, मध्ये 2008 च्या बीजिंगला चौथा क्रमांक. 2003, 2005 आणि 2006 असं तीनदा तो जगातला वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

पदकं तर खूप जणांकडे असतात. मला थक्क करते ती वेगळी गोष्ट. या माणसाच्या कारकिर्दीत हॉकीचा खेळच बदलत राहिला आणि प्रत्येक नव्या खेळात हा पुढे होताच. तो आला तेव्हा ऑफसाइडचा नियम होता. अटलांटानंतर तो गेला. आता फॉरवर्ड बचावफळीच्या मागे जाऊन उभा राहू शकत होता, त्यामुळे बचाव मागे सरकला, मैदान लांबलं आणि मध्ये मोकळी जागा झाली. त्या जागेतून बॉल स्टिकशी ठेवून दोन माणसं मागे टाकणाऱ्याला अचानक सोन्याचा भाव आला. सुरुवातीला फॉरवर्ड असलेला डे नोयर हळूहळू मागे येऊन मधल्या फळीत स्थिरावला. मग 2009 मध्ये सेल्फ पास आला, म्हणजे फ्री हिट घेणाऱ्यानेच बॉल स्वतःला ढकलून पळत सुटायचं. तेव्हा तो तेहतीस वर्षांचा, पण नियम जणू त्याच्यासाठीच केलेला! आणि लंडनमध्ये निळ्या टर्फवर पिवळा बॉल, तिथेही हा होताच.

त्याच्या आयुष्यातला सगळ्यात गाजलेला गोल 1998 च्या विश्वचषक अंतिम सामन्यातला. स्थळ उट्रेक्ट, म्हणजे घरचंच मैदान, समोर स्पेन. डच संघ पिछाडीवरून बरोबरीला आला आणि जादा वेळेत डे नोयरने गोल मारून 3-2 असा सामना संपवला. संपवला हे शब्दशः, कारण तेव्हा गोल्डन गोल होता, जादा वेळेत जो पहिला मारेल तो जिंकला. सहा वर्षांनी अथेन्सच्या अंतिम सामन्यात हाच नियम डच संघावर उलटला: ऑस्ट्रेलियाच्या जेमी ड्वायरने जादा वेळेत गोल मारला आणि डच संघ 1-2 ने हरला. गंमत म्हणजे हाच ड्वायर ब्लूमेंडालला डे नोयरबरोबर खेळला आणि 2009 मध्ये या क्लबाने युरो हॉकी लीग जिंकली.

आता धनराजकडे येतो. तेच 1998 साल घ्या. त्या डिसेंबरात बँकॉकच्या एशियाडमध्ये धनराजच्या नेतृत्वाखाली आपण 32 वर्षांनी सुवर्ण जिंकलं. बक्षीस काय मिळालं? प्रशिक्षक एम. के. कौशिक यांना हटवलं आणि धनराजसकट अनेक खेळाडूंना संघाबाहेर बसवलं. 2000 च्या सिडनी ऑलिंपिकला धनराज आणि डे नोयर दोघेही होते. आपण शेवटच्या दोन मिनिटांच्या आत पोलंडचा गोल खाल्ला, सामना 1-1 सुटला आणि उपांत्य फेरी हुकली. डच संघाने उपांत्य सामना ऑस्ट्रेलियाविरुद्ध आणि अंतिम सामना दक्षिण कोरियाविरुद्ध, दोन्ही पेनल्टी स्ट्रोकवर काढले. सुवर्ण आणि घरवापसी यांत अंतर एवढंच. 2002 ची कोलोनची चॅम्पियन्स ट्रॉफी डच संघाने जिंकली, पण स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू होता चौतीस वर्षांचा धनराज. तेव्हा 'सरस कोण' हा वाद मी पदकं मोजून मिटवणार नाही.

मग खरा फरक कुठे? माझं मत: शनिवार-रविवारी. मी जिल्हा पातळीपर्यंत लेफ्ट हाफ, म्हणजे मधल्या फळीत डावीकडे, खेळलो आहे. आमच्याकडे शिबिर लागलं की हॉकी, शिबिर संपलं की महिनोन् महिने नुसतं धावणं, आणि टर्फवर पाय ठेवायचा तर आधी टर्फ शोधा. हॉलंडमध्ये गावोगावी क्लब, क्लबाचं स्वतःचं टर्फ, सहा-सात वर्षांची पोरं सकाळी आणि मोठा संघ दुपारी त्याच मैदानावर. दोन कोटींहून कमी लोकसंख्येच्या देशात हॉकी संघटनेचे सभासद अडीच लाखांच्या आसपास. वरच्या साखळीत आठवड्यामागून आठवडा जगातले उत्तम खेळाडू समोर येतात. निवड समितीची मर्जी फिरली तरी रविवारचा सामना कोणी काढून घेत नाही.

हे तोंडदेखलं कौतुक नाही, मर्जी तिकडेही फिरते. लंडनच्या आधी प्रशिक्षक पॉल फान आस यांनी डे नोयर आणि ड्रॅग फ्लिकर (पेनल्टी कॉर्नरवर गोल मारणारा) टाके टाकेमा यांना संघातून वगळलं. देशभर गदारोळ झाला. टाकेमाला लंडनच्या संघात जागा मिळालीच नाही. डे नोयर मात्र परत आला आणि छत्तिसाव्या वर्षी लंडनला गेला. तिथे डच संघाने पहिल्याच सामन्यात आपल्याला 3-2 ने हरवलं, उपांत्य सामन्यात यजमान ब्रिटनला तब्बल 9-2 ने झोडपलं आणि अंतिम सामन्यात जर्मनीकडून 1-2 ने हरले. परतीचा रस्ता उघडा राहिला तो क्लबामुळे, असं मला ठाम वाटतं. धनराजला असा ब्लूमेंडाल नव्हता.

त्यानंतर 2013 च्या पहिल्या हॉकी इंडिया लीगमध्ये तो उत्तर प्रदेश विझार्ड्सकडून लखनौला खेळला. मी ते सामने टीव्हीवर पाहिले. पाय मंदावले होते हे दिसत होतं, तरी त्याच्याकडून बॉल काढून घेणं पोरांना जमत नव्हतं.

तुम्ही त्याचे व्हिडिओ शोधणार असाल तर एक सुचवतो. नुसते गोल पाहू नका, गोलांच्या फितींमध्ये तो इतर दहा जणांसारखाच दिसतो. एखादा पूर्ण सामना लावा आणि बॉल त्याच्याकडे यायच्या आधीचे दोन सेकंद पाहा. मान आधी डावीकडे, मग उजवीकडे फिरते, खांदा किंचित एका बाजूला झुकतो, समोरचा हाफ त्या बाजूला वजन टाकतो. बॉल स्टिकला लागतो तेव्हा तो हाफ आधीच चुकलेला असतो. मी लेफ्ट हाफ होतो, त्यामुळे माझं लक्ष त्या बिचाऱ्याकडेच जातं.