लोकसभेच्या पोटनिवडणुकीत उमेदवार कसा ठरतो आणि निकालाचा अंदाज कशावरून बांधायचा?

तुम्ही विचारलंय की पुढे ज्या लोकसभा पोटनिवडणुका लागतील त्यांत पक्ष कुणाला उभं करतील, कुणाला किती संधी राहील, हे आधी कसं ओळखायचं. सातारा-सांगलीकडच्या कुणीतरी ते सांगावं, असंही तुम्ही म्हटलंय. मी कोरेगाव तालुक्यातला. निवडणुकीत बूथवर बसतो आणि हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

चर्चेतल्या नावांच्या मागे लागू नका. अधिकृत उमेदवारीचा पक्षाचा कागद, म्हणजे एबी फॉर्म, हातात पडेपर्यंत नावं बदलत राहतात. त्याआधी एवढंच विचारा : जागा रिकामी कशामुळे झाली? खासदार वारला, मोठ्या पदावर गेला, की राजीनामा देऊन दुसऱ्या पक्षात गेला? उमेदवार त्यावरून ठरतो आणि बऱ्याचदा निकालही. सार्वत्रिक निवडणुकीत देशाचा पंतप्रधान कोण, हा प्रश्न मतदाराच्या डोक्यात असतो. पोटनिवडणुकीत सरकार बदलणार नसतं. म्हणून माणसं आपल्या मनातला जिल्ह्यापुरता हिशोब मोकळेपणानं चुकता करतात.

साताऱ्याची 2019 ची पोटनिवडणूक याचा सगळ्यात चांगला दाखला आहे. मे महिन्यात साताऱ्याच्या राजघराण्यातले उदयनराजे भोसले राष्ट्रवादीकडून सव्वा लाखाहून जास्त मतांनी निवडून आले होते. सप्टेंबरमध्ये त्यांनी खासदारकीचा राजीनामा दिला आणि भाजपमध्ये प्रवेश केला. विधानसभेचा कार्यक्रम आधी जाहीर झाला, त्यात साताऱ्याचं नाव नव्हतं. दोन-तीन दिवसांनी तेही त्याच तारखेला जोडलं गेलं, 21 ऑक्टोबरला. भाजपचा उमेदवार ठरलेलाच होता, उदयनराजेच. प्रश्न होता तो समोर कोण, याचा.

पृथ्वीराज चव्हाणांचं नाव जोरात होतं. ते कराड दक्षिणमधून विधानसभेलाच उभे राहिले. मग शरद पवारांनी श्रीनिवास पाटलांना बाहेर काढलं. ही निवड मला आजही फार विचारपूर्वक केलेली वाटते. पाटील मूळचे पाटण तालुक्यातले, मारुल हवेलीचे. सनदी अधिकारी होते, 1999 आणि 2004 ला कराडचे खासदार होते, पुढे सिक्कीमचे राज्यपाल झाले. त्यांनी 1999 मध्ये कराडात हरवलं होतं ते याच पृथ्वीराजांना, आणि 2019 ला दोघं एकाच बाजूनं मतं मागत होते. राजघराण्यातल्या माणसासमोर दुसरा तरुण, आक्रमक नेता उभा केला असता तर लढत दोन गटांची झाली असती. पिकल्या मिशांचा, गावरान बोलणारा, कुणाशी फारसं वैर नसलेला ज्येष्ठ माणूस दिल्यावर ज्यांना राजांविरुद्ध बोलायला संकोच वाटायचा त्यांनाही मत द्यायला वाट मिळाली. आमच्याकडे छत्रपतींच्या गादीला मान आहे आणि तो मनापासूनचा आहे. पण गादीचा मान वेगळा आणि चार महिन्यांत फिरवलेला कौल वेगळा, हे लोकांनी आपापल्या मनात ठरवून टाकलं होतं.

17 ऑक्टोबरला पंतप्रधानांची सभा साताऱ्यात झाली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जिल्हा परिषद मैदानावर पवारांची. पाऊस आला, खुर्च्या लोकांनी डोक्यावर धरल्या आणि ते भिजत बोलत राहिले. लोकसभेला उमेदवार निवडताना आपली चूक झाली, असं त्यांनी त्या पावसात सांगितलं आणि ती दुरुस्त करायची संधी आलीय म्हणाले. पावसातल्या त्या फोटोनं निवडणूक फिरवली असं बाहेरचे लोक म्हणतात. माझं मत वेगळं आहे. वारं आधीच फिरलं होतं. सभेनं घाबरून गप्प बसलेल्या कार्यकर्त्याला घराबाहेर काढलं. तेही थोडं नाही, पण दोन्ही गोष्टी एक नाहीत.

मतदानाच्या दिवशी केंद्रात दोन यंत्रं होती, एक आमदारकीचं, एक खासदारकीचं. म्हाताऱ्या बाया अधिकाऱ्याला विचारायच्या, "खासदारकीचं कुठलं, दादा?" नीट समजून घेऊन मगच आत जायच्या. याचा अर्थ मला 24 ऑक्टोबरला कळला. सातारा लोकसभेत सहा विधानसभा मतदारसंघ येतात. वाई, कराड उत्तर आणि कराड दक्षिण काँग्रेस-राष्ट्रवादीच्या आघाडीकडे गेले. कोरेगाव, पाटण आणि सातारा भाजप-शिवसेनेच्या युतीकडे. म्हणजे तीन-तीन, बरोबरी. आणि लोकसभेला श्रीनिवास पाटील 87,717 मतांनी निवडून आले. त्याच माणसांनी, त्याच सकाळी, दोन यंत्रांवर दोन वेगळी उत्तरं दिली. आमच्या कोरेगावात शिवसेनेचे महेश शिंदे आमदार झाले. त्यांना मत देणाऱ्यांपैकी कितीतरी जणांनी शेजारच्या यंत्रावर राष्ट्रवादीच्या घड्याळाचं बटण दाबलं, हे गावात उघड बोललं जायचं.

नांदेडला नोव्हेंबर 2024 मध्ये असंच घडलं. खासदार वसंतराव चव्हाण वारल्यानं तिथं पोटनिवडणूक लागली आणि तीही विधानसभेबरोबरच झाली. सहाच्या सहा विधानसभा जागा महायुतीनं घेतल्या, पण लोकसभेला काँग्रेसचे रवींद्र चव्हाण, वसंतरावांचे चिरंजीव, 1,457 मतांनी आले. म्हणून विधानसभेत कुणाचे किती आमदार, एवढ्यावरून लोकसभेच्या पोटनिवडणुकीचं गणित मांडणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका.

आता खासदाराच्या निधनानं रिकाम्या झालेल्या जागांकडे येऊ. इथं सांगलीचा इतिहास बघावा. प्रकाशबापू पाटील 2005 मध्ये वारले आणि 2006 च्या पोटनिवडणुकीत काँग्रेसनं त्यांचे चिरंजीव प्रतीक पाटील यांना दिलं. ते निवडून आले. त्याआधी 1983 मध्ये प्रकाशबापूंचे वडील वसंतदादा मुख्यमंत्री होऊन मुंबईला आले तेव्हा सांगलीच्या रिकाम्या जागेवर वसंतदादांच्या पत्नी शालिनीताई पाटील गेल्या. दोन्ही वेळा जागा एकाच घरात राहिली. विधानसभेलाही सांगली जिल्ह्यानं हा रिवाज पाळला : आर. आर. आबांच्या निधनानंतर 2015 मध्ये तासगाव-कवठेमहांकाळला त्यांच्या पत्नी सुमनताईंसमोर मोठ्या पक्षांनी उमेदवार दिला नाही आणि पतंगराव कदमांच्या मागे 2018 मध्ये त्यांचे चिरंजीव विश्वजित कदम पलूस-कडेगावातून बिनविरोध आले. बीडला गोपीनाथ मुंडेंच्या निधनानंतर 2014 मध्ये त्यांच्या कन्या प्रीतम मुंडे जवळपास सात लाखांच्या फरकानं आल्या, तेव्हाही राष्ट्रवादीनं समोर उमेदवार दिला नव्हता.

पण सहानुभूती म्हणजे घरातल्या कुणालाही आपोआप मिळणारं मत नव्हे. पालघरला चिंतामण वनगा भाजपचे खासदार असताना 2018 मध्ये वारले. त्यांचे चिरंजीव श्रीनिवास वनगा शिवसेनेकडून उभे राहिले, भाजपनं काँग्रेसमधून आलेले राजेंद्र गावित दिले आणि गावितच साडेएकोणतीस हजारांच्या आसपास फरकानं जिंकले. घर एकीकडे आणि पक्षाची यंत्रणा दुसरीकडे गेली की सहानुभूती वाटून जाते. सांगोल्याच्या पलीकडे पंढरपूरला 2021 च्या विधानसभा पोटनिवडणुकीतही दिवंगत आमदार भारत भालक्यांचे चिरंजीव पडले. नांदेडला घर आणि पक्ष एकाच बाजूला होते, तरी जेमतेम दीड हजारांनी निभावलं. बिनविरोधचा रिवाजही आता पातळ होत चाललाय.

यंत्रणा म्हणजे काय, तेही आमच्या भागाच्या हिशेबानं सांगतो. पश्चिम महाराष्ट्रात यंत्रणा म्हणजे साखर कारखाना, दूध संघ, जिल्हा बँक आणि गावची सोसायटी. कराड उत्तरला सह्याद्री कारखाना, दक्षिणेत कृष्णा, पाटणला देसाई, साताऱ्याला अजिंक्यतारा. प्रत्येक कारखान्यामागे एक गट आहे. उमेदवाराचं नाव जाहीर झालं की मी पहिल्यांदा बघतो की अर्ज भरायला जाताना त्याच्या गाडीत मागं कोण बसलंय. तिकीट न मिळालेला माणूस त्या मिरवणुकीत असला तर गट जागेवर आहे. तो त्या दिवशी मुंबईला 'कामासाठी' गेलेला असला, तर पुढचे पंधरा दिवस जड जाणार. तिकीट चुकीच्या माणसाकडे गेलं की काय होतं हे सांगलीनं 2024 ला दाखवलं. ती सार्वत्रिक निवडणूक होती, पण धडा तोच. महाविकास आघाडीत एकमत होण्याआधीच पैलवान चंद्रहार पाटील यांची उमेदवारी शिवसेनेच्या ठाकरे गटानं जाहीर केली, काँग्रेसचे विशाल पाटील अपक्ष उभे राहिले आणि एक लाखाच्या वर मताधिक्यानं जिंकले. अधिकृत उमेदवार तिसऱ्या नंबरवर गेला.

साताऱ्याच्या त्याच निवडणुकीत उदयनराजे भाजपकडून 32,771 मतांनी आले. पाच वर्षांपूर्वी पडलेला माणूस त्याच पक्षाकडून जिंकला, कारण यावेळी विचारायचा प्रश्नच वेगळा होता : राजीनामा नव्हता, मुदत संपून नेहमीची निवडणूक लागली होती. शिवाय समोरचे शरद पवार गटाचे उमेदवार शशिकांत शिंदे यांच्या 'तुतारी वाजवणारा माणूस' या चिन्हासारखं दिसणारं पिपाणीचं चिन्ह एका अपक्षाला मिळालं आणि त्याला 37,000 हून जास्त मतं पडली. फरकापेक्षा ही मतं जास्त. त्यामुळे चिन्हवाटप झालं की अपक्षांची चिन्हं जरूर बघा; हे बारीक काम वाटतं, पण खेडोपाडी यावरच निकाल फिरतो.

राज्यसभेच्या पोटनिवडणुकीत मतदार आपण नसतो, आमदार असतात, म्हणून तिथं अंदाज सोपा. 2024 ला उदयनराजे आणि पीयूष गोयल लोकसभेत गेल्यानं राज्यातल्या राज्यसभेच्या दोन जागा रिकाम्या झाल्या. अजित पवारांनी वाईकडच्या प्रचारातच आपल्या पक्षाच्या नितीन पाटलांना खासदार करण्याचा शब्द दिला होता आणि ऑगस्ट 2024 मध्ये ते गोयलांच्या जागेवर बिनविरोध गेले. विधानसभेत ज्याचं बहुमत त्याची जागा, त्यात तिढा नसतो.

एका गोष्टीचा मला राग येतो, तो इथं लिहितो. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या 151अ कलमानुसार जागा रिकामी झाल्यावर सहा महिन्यांत पोटनिवडणूक व्हायला हवी; उरलेली मुदत वर्षापेक्षा कमी असेल किंवा निवडणूक आयोगानं केंद्र सरकारशी बोलून अडचण असल्याचं प्रमाणित केलं, तरच सूट. पुण्याचे खासदार गिरीश बापट मार्च 2023 मध्ये वारले, तेव्हा लोकसभेची मुदत वर्षाहून जास्त शिल्लक होती. तरी पुण्यात पोटनिवडणूक झाली नाही. मुंबई उच्च न्यायालयानं डिसेंबरमध्ये ती घ्यायला सांगितलं, सर्वोच्च न्यायालयानं जानेवारीत त्याला स्थगिती दिली आणि पुणेकर सार्वत्रिक निवडणुकीपर्यंत खासदाराविना राहिले. एवढ्या मोठ्या शहराला दिल्लीत कुणी नव्हतं, आणि याची बोंब फारशी कुणी मारली नाही. म्हणून पोटनिवडणुकीत कोण येणार याच्या आधी ती लागणार का, हेही तारखा मांडून बघा.

तुम्ही मतदारसंघाचं नाव लिहिलेलं नाही. ते कळवा, आणि जमलं तर जागा कशी रिकामी झाली, मागच्या वेळी दुसऱ्या नंबरवर कोण होता आणि तो आज कुठल्या पक्षात आहे, हेही लिहा. माघारीची मुदत संपली की तालुक्यागणिक काय दिसतंय ते सांगायचा प्रयत्न करेन. त्याआधी सांगितलेलं नाव टिकत नाही.