कुत्र्या-मांजरांची प्रिस्क्रिप्शन लिहायला कोणतं ऑनलाइन सॉफ्टवेअर घेऊ? डोस आपोआप निघतो का? (नवीन क्लिनिक आहे)

निघतो. तोच तर घोळ आहे, म्हणून लिहायला बसलोय.

नाशिकला मी आणि माझा बॅचमेट मिळून क्लिनिक चालवायचो. सॉफ्टवेअर त्याने आणलं, कौतुकही त्यालाच. नाव टाइप केलं की जुनं रेकॉर्ड उघडणार, मागच्या व्हिजिटचं वजन आयतं भरलेलं, औषध निवडलं की मिली समोर. मी पहिल्या दिवसापासून म्हणत होतो, वजनाचा रकाना दरवेळी रिकामा उघडू दे. तर म्हणे तू जुनाट आहेस, काउंटरवर लोक खोळंबतात.

एका शनिवारी संध्याकाळी एक काकू ब्रूनोला घेऊन आल्या. डॅशंड, पाठ धरलेली, उचललं की केकाटायचा. मी स्वतः काट्यावर ठेवला, 5.8 किलो. मेलॉक्सिकॅमचं (दुखण्या-सुजेवरचं औषध) इंजेक्शन दिलं आणि रविवारपासून द्यायला त्याचंच सस्पेन्शन, म्हणजे तोंडाने पाजायचं औषध, सांगितलं. आता आपल्याकडे ब्रूनो किती असतात ते तुम्हाला सांगायला नको. काउंटरवरच्या मुलीने उघडला तो ब्रूनो लॅब्राडोर, 31 किलो. किलोला 0.1 मिग्रॅ, बाटली 1.5 मिग्रॅ प्रति मिलीची, म्हणजे जायला हवं होतं 0.4 मिली, छापून आलं 2.1. पाचपट. आणि मी सही ठोकली. बाहेर गर्दी होती वगैरे सगळं आहे, पण सही माझीच.

कळलं कसं तर व्हॉट्सॅपवरची पीडीएफ गेली लॅब्राडोरवाल्यांना. ते गावी गेलेले, सोमवारी दुपारी त्यांचा फोन, "डॉक्टर, आमचा ब्रूनो ठणठणीत आहे, पाठीचं औषध कशाला पाठवलंत?" माझे हातपाय गार. काकूंना फोन लावला तर त्या म्हणाल्या बरं झालं तुम्हीच केलात, सकाळपासून उलट्या करतोय आणि शी डांबरासारखी काळी. दोन डोस गेले होते. औषध बंद, सलाईन, पोटासाठी पँटोप्राझोल आणि सुक्राल्फेट, किडनीसाठी रक्तातल्या क्रिएटिनीनवर लक्ष. पाच दिवसांनी वाचला म्हणायचा. काकू एका शब्दाने बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

पार्टनर अजून बॅचच्या ग्रुपवर म्हणतो, सॉफ्टवेअरने चुकीचं वजन घेतलं नाही, तू चुकीचा कुत्रा घेतलास. अरे पण रकाना रिकामा असता तर मी 5.8 टाकलं असतं आणि डोस बरोबर आला असता, लॅब्राडोरच्या नावावर का होईना! हे त्याला चार वर्षांत कळलेलं नाही.

तर तुमचं. कंपनीचं नाव मी सांगणार नाही, डेमो घ्या आणि मांजर निवडून पॅरासिटामॉल टाका, मांजराला ते विषच. स्क्रीनवर तांबडं काही आलं नाही तर तिथूनच उठा. रेकॉर्ड मोबाइल नंबरवर शोधता यायला हवं, नावावर नाही. सॉफ्टवेअर बाहेरच्या देशातलं असेल तर वजन पौंडात तर नाही ना बघा, नाहीतर बसला 2.2 चा गुणाकार. मिग्रॅ आणि मिली दोन्ही छापा. बीआयडी-टीआयडी (दिवसातून दोनदा-तीनदा) मालकाला कळत नाही, "सकाळी खाल्ल्यावर" असं सरळ मराठीत येऊ दे, फक्त आधी एक प्रिंट काढून बघा, काही ठिकाणी जोडाक्षरं फुटून येतात.

आणि हो, औषध नियम 1945 मधला 65 वा नियम वाचा. प्रिस्क्रिप्शनवर सही, तारीख, मालकाचं नाव-पत्ता, औषध एकूण किती आणि डोस काय, हे सगळं लागतं. बऱ्याच टेम्प्लेटमध्ये ब्रूनोचं नाव ठळक, बाजूला पंजाचं चित्र, आणि मालकाचा पत्ता गायब. रजिस्ट्रेशन नंबरही टाका.

सॉफ्टवेअर वाईट असं मी म्हणत नाहीये. माझं अक्षर केमिस्टला लागायचं नाही, .4 चं 4 व्हायला किती वेळ लागतो? वेगळा झाल्यावर मीही एक घेतलंच, पण पैसे भरायच्या आधी वजनाचा रकाना रिकामा करून घेतला. त्यांना दहा मिनिटं लागली.

पार्टनर इथे येऊन उत्तरं वाचतो, मला माहितीये. दहा मिनिटं लागली रे.