हर्मन टालमेज अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याचे गव्हर्नर कसे झाले? 1947 मध्ये तिथे खरंच एकाच वेळी तीन गव्हर्नर होते का?

तिघांचा दावा होता, हे खरं. (तिथला गव्हर्नर थेट लोकांतून निवडून येतो आणि सरकार तोच चालवतो.)

नोव्हेंबर 1946 मध्ये हर्मनचे वडील युजीन टालमेज चौथ्यांदा निवडून आले आणि 21 डिसेंबरला, शपथविधीआधीच वारले. 1945 च्या नव्या राज्यघटनेत लेफ्टनंट गव्हर्नरचं, म्हणजे गव्हर्नरच्या खालोखालचं, पद होतं. पदावरचा गव्हर्नर गेला तर काय, हे तिथे लिहिलेलं. निवडून आलेला पण शपथ न घेतलेला गेला तर काय, हे नव्हतं. सगळा घोळ इथला.

युजीन आजारी आहेत हे समर्थकांना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी काही मतपत्रिकांवर हर्मनचं नाव हाताने लिहवून ठेवलं होतं. कुणालाच बहुमत नसेल तर विधिमंडळाने सर्वाधिक मतं मिळालेल्या हयात दोघांतून निवड करायची, या कलमावर त्यांची भिस्त. मोजणीत हर्मन मागे पडताहेत असं दिसताच टालमेज घराण्याच्या टेलफेअर काउंटीतून (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) पन्नासच्या वर मतं ‘सापडली’. हर्मन 675, पक्षाच्या उमेदवारीत युजीनकडून हरलेले जेम्स कारमायकल 669. पुढे अटलांटाच्या पत्रकाराने याद्या तपासल्या, तर काही मतदार मेलेले आणि मतदान चक्क वर्णानुक्रमे झालेलं!

15 जानेवारीला विधिमंडळाने हर्मनना निवडलं. मावळते गव्हर्नर एलिस अर्नाल खुर्ची सोडेनात. तेव्हा कार्यालयाची कुलुपं बदलली गेली. अर्नाल यांनी त्याच इमारतीतल्या चौकशी-कक्षात बस्तान मांडलं आणि 18 तारखेला लेफ्टनंट गव्हर्नर एम. ई. थॉम्पसन यांच्यासाठी राजीनामा दिला. राज्याची मुद्रा सांभाळणारे बेन फोर्टसन यांनी ती आपल्या व्हीलचेअरच्या गादीखाली दडवली. मुद्रेशिवाय कागद अधिकृत होईना, त्यामुळे हर्मनचा कारभार अडला.

19 मार्चला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 2 असा निकाल दिला. युजीनना बहुमत मिळालंच होतं, तेव्हा विधिमंडळाला निवडीचा अधिकारच नव्हता. कार्यकारी गव्हर्नर थॉम्पसन. हर्मन 63 दिवसांनी बाहेर.

1948 ची पोटनिवडणूक मात्र त्यांनी रीतसर जिंकली, 1950 ची पुन्हा. त्यात ‘काउंटी युनिट’ पद्धतीचा मोठा हात होता. पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीत 8 मोठ्या काउंट्यांना प्रत्येकी 6 युनिट, पुढच्या 30 ना 4, उरलेल्या 121 ना 2. म्हणजे अटलांटाची अख्खी फुल्टन काउंटी तीन खेडवळ काउंट्यांच्या बरोबरीची. वडील तर 1946 च्या प्राथमिक निवडणुकीत लोकांची मतं कमी पडूनही याच पद्धतीमुळे तरले होते. ही पद्धत 1963 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मोडीत काढली.

कारभार म्हणाल तर 1951 चा 3 टक्के विक्रीकर ही त्यांची मोठी खूण. त्यातून शाळांना पैसा आला. पण वंशभेदाच्या बाजूने ते कडवे होते, आणि हे शाळांच्या कौतुकात बऱ्याचदा गाळलं जातं. जानेवारी 1955 मध्ये पद सोडलं, 1957 ते 1981 अमेरिकेच्या सिनेटमध्ये राहिले. 1979 मध्ये पैशांच्या गैरव्यवहारावरून सिनेटने त्यांची निर्भर्त्सना केली आणि 1980 मध्ये रिपब्लिकन मॅक मॅटिंगली यांनी त्यांना हरवलं.